एकत्र कुटुंबाची सहल : थीम पार्कचे तिकीट कसे निवडावे?

माल खरेदी करताना आपला व्यापारी किंवा कारागीर सहसा फसत नाही. कापडवाला ताग्याचा पोत बोटाने चाचपतो, सुतार फळी उलटी करून गाठ शोधतो, भांडेवाला काठ वाजवून पाहतो. पण हाच माणूस बायकामुलांना, आईवडिलांना आणि भावाभावजयांना घेऊन सहलीला निघाला की हिशेब घरी ठेवून जातो. खिडकीवर जे तिकीट पुढे येईल ते सर्वांसाठी एकसारखे घेतो आणि वर म्हणतो, ‘वर्षातून एकदा तर जायचे!’ वर्षातून एकदाच जायचे असेल तर हिशेब अधिक नीट करायला हवा, असे आम्हांस वाटते. म्हणून आज या पानावर नफ्यातोट्याऐवजी सहलीचा धडा घेत आहोत. पुढे दिसेल की तोही नफ्यातोट्याचाच धडा आहे.

आमचीच चूक आधी सांगतो

२०१९ साली रमजान ईदनंतरच्या रविवारी आमच्या कुटुंबाने एका मोठ्या थीम पार्कला जायचे ठरवले. तीन भावांच्या तीन चुली, मध्ये दादी, अशी एकूण वीस माणसे. पार्कमध्ये जमिनीवरच्या राइड आणि पाण्याच्या राइड यांचे एकत्रित तिकीट २,००० रुपयांना होते आणि पंधरापेक्षा जास्त माणसांना १० टक्के सूट होती (आकडे गोल करून सांगत आहोत). आम्ही वाटाघाटी करणारे व्यापारी! सूट पाहून खूष झालो आणि माणशी १,८०० रुपये खर्च येईल असे सर्वांना कळवले.

निघण्याच्या आदल्या रात्री धाकट्या भावाचा निरोप आला, ‘वेल्डिंगचे तातडीचे काम आले आहे, तुम्ही जाऊन या.’ त्याच्या घरची चार माणसे गळाली. आम्ही सोळाजण गेलो. तिकिटांचे २८,८०० रुपये मोजले आणि ३,२०० रुपये वाचवले म्हणून दिवसभर फुशारकी मारली.

संध्याकाळी परतताना मनातल्या मनात वही उघडली. सोळापैकी पाण्यात उतरले सहाच. दादी, हृदयविकार असलेले चाचा आणि दिवस गेलेली सूनबाई हे तिघे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होते. चार मुले मोठ्या राइडच्या मोजपट्टीखाली भरली, म्हणून त्यांना दारातून परत फिरवले. जे सहाजण पाण्यात उतरले त्यांचा निम्मा दिवस तिथेच गेला, त्यामुळे जमिनीवरच्या निम्म्या राइड राहिल्या. त्या दिवशी जमिनीवरचे नुसते तिकीट १,३०० रुपयांना होते. पाण्यात न उतरलेल्या दहाजणांसाठी माणशी ५०० प्रमाणे ५,००० रुपये आम्ही वाया घालवले होते. ज्येष्ठांचा दर वेगळा होता, तोही आम्ही विचारला नव्हता. सूट ३,२०० ची आणि नासाडी ५,००० ची!

पण खरा तोटा या पाच हजारांचा नव्हता. दादी दिवसभर विचारत होती, ‘धाकटा का आला नाही?’ तातडीचे काम वगैरे काही नव्हते, हे आम्हांला पुढे कळले. चार माणसांचे ७,२०० रुपये त्याला झेपणारे नव्हते आणि थोरल्यांकडून ते घेणे त्याच्या मनाला पटत नव्हते. ज्या सहलीचा हेतूच सर्वांनी एकत्र जाण्याचा, त्या सहलीचे तिकीट आम्ही असे निवडले की एक चूलच मागे राहिली.

विकणाऱ्याचा हिशेब समजून घ्या

तिकीट निवडण्याआधी ते असे का आखले जाते हे जाणून घेणे आपल्या धंद्याच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जुलै १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा दारावर मोठ्यांना एक डॉलर आणि मुलांना अर्धा डॉलर एवढेच प्रवेशमूल्य होते. आत गेल्यावर प्रत्येक राइडचे पैसे निराळे. त्याच वर्षी तिथे कूपनांची पुस्तके निघाली. कूपनांना ए, बी, सी अशी अक्षरे असत. लहान राइडला स्वस्त कूपन आणि मोठ्या राइडला महाग. १९५९ मध्ये सर्वांत मोठ्या राइडसाठी ‘ई’ कूपन आले. १९८२ मध्ये ही पुस्तके बंद झाली आणि एकदा पैसे भरा व दिवसभर हवे तितके बसा, अशी पद्धत आली.

या दुहेरी आकारणीवर वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये लिहिलेला निबंध आजही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. प्रश्न साधा होता. दारावर जास्त घ्यावे की राइडवर जास्त घ्यावे? पाळणा एकदा फिरू लागला की त्यात आणखी एक माणूस बसल्याने मालकाचा खर्च जवळपास वाढत नाही. मग बसण्याचे पैसे कमी ठेवून दारावरच भरपूर घेणे मालकाला परवडते.

आपल्याकडे याला जुनी तोड आहे, ती म्हणजे खाणावळीतील अमर्याद थाळी. तरुण गडी बारा चपात्या खातो, म्हातारा दोन खातो, पण पैसे दोघांचे सारखेच. खाणावळवाला बुडत नाही, कारण बारा खाणारे थोडे आणि दोन खाणारे पुष्कळ असतात. थीम पार्कचे एकरकमी तिकीट हीच अमर्याद थाळी आहे. एकत्र कुटुंबात दोन चपात्यांची माणसे जास्त असतात, म्हणून असे कुटुंब हे या तिकिटाचे उत्तम गिऱ्हाईक ठरते. यात मालकाची लबाडी नाही. त्याने आपला हिशेब केला, आपण आपला केला नाही, एवढेच.

माणसांची यादी चार रकान्यांत

तेव्हा पहिला नियम असा की तिकिटाचा दर पाहण्याआधी माणसांची यादी करावी आणि ती चार रकान्यांत मांडावी.

पहिला रकाना मोठ्या राइडवर बसणाऱ्यांचा. यात तरुण व धडधाकट माणसे येतात. दुसरा रकाना थोडेसे बसणाऱ्यांचा, म्हणजे खेळ पाहतील, छोट्या गाडीत बसतील, पण उलटेपालटे होणाऱ्या राइडच्या वाटेला जाणार नाहीत. तिसरा रकाना मुलांचा. त्यांचे वय आणि उंची दोन्ही लिहावीत. काही ठिकाणी मुलाचे तिकीट वयावर ठरते. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत तीन वर्षांखालील मूल फुकट आणि दहाव्या वर्षी मोठ्यांचे तिकीट अशी रीत आहे. वंडरलासारख्या उद्यानांत मात्र उंची मोजली जाते. वयाने लहान पण अंगाने उंच मुलाला तिथे पूर्ण तिकीट पडते. म्हणून निघण्याआधी घरच्या भिंतीशी मुलांना उभे करून टेपने मोजून घ्यावे. सुतार, शिंपी यांच्या घरी तर टेप हाताशीच असतो! चौथा रकाना बसून राहणाऱ्यांचा. वृद्ध, हृदयविकाराचे व पाठीच्या दुखण्याचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया. या मंडळींना बहुतेक वेगवान राइडवर बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे.

यादी झाली की चौथ्या रकान्यापासून विचार सुरू करावा, पहिल्यापासून नव्हे. राइडवर न बसणाऱ्यांसाठी नुसते प्रवेशाचे तिकीट आहे काय, ज्येष्ठांचा दर आहे काय, वयाचा कोणता दाखला लागतो, चाकाची खुर्ची मिळते काय, सावलीत बसण्याची सोय कुठे आहे, हे फोन करून विचारावे. तरुण पोरे कुठेही आनंदात राहतात. दादीचा दिवस कसा जाईल यावर सहलीचे यश ठरते.

एकत्रित तिकीट की सुटे?

आपल्या भागात दोन्ही तऱ्हा आहेत. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. २०१४ मध्ये तिथे वॉटर पार्क जोडले गेले. तिथे थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे निरनिराळी आहेत. उलट वंडरलाच्या बंगळूर येथील (२००५) आणि हैदराबाद येथील (२०१६) उद्यानांत कोरड्या व पाण्याच्या राइड एकाच तिकिटात येतात. सोलापूर, लातूर, नांदेडकडील मंडळी हैदराबादला पुष्कळदा जातात, त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

जिथे तिकिटे सुटी मिळतात तिथे पाण्याचे तिकीट घेण्याआधी आपल्या घरातील स्त्रिया पाण्यात उतरणार आहेत काय, हे त्यांनाच विचारावे. बहुतेक वॉटर पार्कमध्ये सुती कपडे, साडी, सलवार किंवा बुरखा घालून पाण्यात जाता येत नाही. नायलॉनचाच पोशाख लागतो. पूर्ण बाह्यांचा व पायघोळ नायलॉनचा पोशाख चालतो काय, तो भाड्याने मिळतो काय की घरून न्यावा लागेल, भाडे व अनामत किती, हे आधी कळले तर दारावर ओशाळे व्हावे लागत नाही. ज्यांना उतरायचे नाही त्यांच्यासाठी पाण्याचे तिकीट घेणे म्हणजे गिऱ्हाईक नसलेला माल भरून ठेवणे.

दिवसात किती राइड होतात?

आता वेळेचा हिशेब करू. समजा पार्क सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडे आहे. म्हणजे ४८० मिनिटे. त्यातून प्रवेश व सामान ठेवण्याची ३०, जेवणाची ६०, जोहर व असरच्या नमाजची ३० मिनिटे वजा केली तर ३६० उरतात. आडदिवशी एका राइडला रांग ३०, राइड ५ आणि चालणे १० अशी ४५ मिनिटे लागली तर आठ राइड होतात. तिकीट १,२०० रुपयांचे असेल तर राइड १५० रुपयांना पडली.

तेच सुटीच्या दिवशी पाहा. रांग तासाची झाली की एका राइडला ७५ मिनिटे लागतात आणि दिवसात चारच राइड पुऱ्या होतात. पाचवीसाठी धावपळ करावी लागते. त्यातून त्या दिवशीचे तिकीट १,५०० असेल तर एक राइड ३७५ रुपयांना! दर वाढला पाव पट, पण माल मिळाला निम्मा.

रांग टाळण्याचे जादा पैशांचे तिकीट अनेक उद्यानांत मिळते. समजा त्याचे ८०० रुपये अधिक पडले आणि रांग १५ मिनिटांवर आली. एका राइडला ३० मिनिटे धरली तर बारा राइड होतील आणि २,३०० रुपयांत एक राइड सुमारे १९२ रुपयांना पडेल. म्हणजे गर्दीच्या दिवशी पहिल्या रकान्यातील दोनचार तरुणांसाठी हे तिकीट अगदीच वाईट नाही. पण सर्वांसाठी ते घेणे, किंवा आडदिवशी घेणे, हे पैसे पाण्यात टाकणे आहे. आडदिवस निवडणे हाच रांग टाळण्याचा स्वस्त मार्ग.

दिवस कोणता निवडावा?

दर दिवसाप्रमाणे बदलणे ही आता जगभरची रीत झाली आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने २०१६ मध्ये आणि फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डने २०१८ मध्ये तारखेप्रमाणे दर ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडेही शनिवार, रविवार व सणाच्या दिवशी दर चढा असतो. नोकरदारांना इलाज नसतो, पण दुकानदार व कारागीर यांच्या हाती दिवस असतो. हा आपला फायदा आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. अशा गावांतील मंडळींना शुक्रवारी आडदिवसाचा दर मिळू शकतो. मात्र जुम्याच्या नमाजसाठी जवळची मशीद किती अंतरावर आहे आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतात काय, हे आधी विचारावे. नाहीतर गुरुवार किंवा शनिवार पाहण्यापेक्षा मंगळवार, बुधवार बरा.

ईदच्या बाबतीत एक सावधगिरी. तारखेचे तिकीट बहुधा परत होत नाही. चंद्रदर्शनावर ईद एक दिवस पुढेमागे होते. ‘ईदच्या दुसऱ्या दिवसाचे’ तिकीट महिनाभर आधी काढले आणि ईदच त्या दिवशी आली, तर पैसे गेले. ईदनंतर तीनचार दिवस सोडूनच तारीख धरावी. पावसाळ्यात जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, हेही लक्षात असावे.

कोकणातील अनेक कुटुंबांची मुले आखातात आहेत आणि आईवडील भावंडांसह तिकडे जाऊन येतात. अबुधाबीच्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड (२०१०), यास वॉटरवर्ल्ड (२०१३), वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड (२०१८) आणि सीवर्ल्ड (२०२३) अशी चार उद्याने जवळजवळ आहेत आणि एकाहून अधिक उद्यानांचे तिकीटही मिळते. म्हातारी माणसे व लहान मुले बरोबर असताना एका दिवसात दोन उद्याने करण्याचा मोह टाळावा. दोन उद्याने पाहायची तर दोन दिवसांचे तिकीट पाहावे. आणखी एक बदल ध्यानात ठेवावा. तिकडे जानेवारी २०२२ पासून सरकारी साप्ताहिक सुटी शनिवार-रविवार झाली असून शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. जुन्या माहितीवर दिवस ठरवू नये.

सूट, कर आणि खाणे

गटाची सूट कशावर आहे ते पाहावे. ज्येष्ठांचा किंवा मुलांचा दर सोडून सर्वांना एकच दर लावला असेल तर सूट नावाचीच उरते. दोन्ही बेरजा कागदावर कराव्यात आणि मग बोलावे. सूट मिळावी म्हणून माणसे भरू नयेत.

दर सांगतात तो करासह की कराविना, हे विचारावे. थीम पार्कच्या प्रवेशावर जुलै २०१७ मध्ये जीएसटी २८ टक्के लागला होता. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. १,२०० रुपयांचे तिकीट कर वेगळा असल्यास १,४१६ रुपयांना पडते. काही व्यापारी बंधू दुकानाच्या नावाने बिल घेऊन या कराची वजावट मागू पाहतात. घरच्या उपभोगावरील कराची वजावट कायद्याने मिळत नाही. त्या भानगडीत पडू नये.

बाहेरचे खाणे बहुतेक पार्कमध्ये आत नेऊ देत नाहीत. आत हलाल जेवण मिळते काय हे विचारावे. खात्री नसेल तर शाकाहारी घ्यावे किंवा डबे गाडीत ठेवून बाहेर येऊन जेवावे. मात्र त्यासाठी पुन्हा आत घेतात काय, हा प्रश्न आधीच विचारलेला हवा. तान्ह्या मुलाचे खाणे व औषधे बहुधा नेऊ देतात. एकवीस माणसांचे आतले जेवण तिकिटाच्या जवळ जाऊ शकते, म्हणून ते तिकिटाच्याच हिशेबात धरावे.

पैसा कुठून आणावा?

सहलीचा पैसा गल्ल्यातून काढू नये. गल्ल्यातील रक्कम आपली वाटते, पण त्यात ठोकवाल्याची उधारी, कारागिरांची मजुरी आणि पुढच्या मालाचे भांडवल असते. सीझनच्या तोंडावर तीसचाळीस हजार उचलले की तेवढाच माल कमी भरला जातो आणि ते दुकानालाच भोवते.

२०२३ साली आम्ही पुन्हा जायचे ठरवले तेव्हा दहा महिने आधी घरातल्या घरात भिशी लावली. दरमहा थोरल्या भावाचे २,०००, आमचे १,५०० आणि धाकट्याचे ५०० रुपये. दहा महिन्यांत ४०,००० रुपये जमले. पेटी भाभीजानकडे होती. कोणाचे किती, हा विषय मुलांपुढे कधी निघाला नाही. धाकट्यानेही आपला वाटा दिला होता, त्यामुळे त्याला कोणाच्या उपकाराने आलो असे वाटण्याचे कारण उरले नाही.

त्या डिसेंबरात दुकानाच्या साप्ताहिक सुटीच्या बुधवारी आम्ही दुसऱ्या एका पार्कमध्ये गेलो. आता माणसे एकवीस होती, कारण २०१९ मध्ये सूनबाईच्या पोटात असलेले बाळ चार वर्षांचे झाले होते. पाण्याचे तिकीट कोणाचेच घेतले नाही. मोठ्यांची १४ तिकिटे १,२०० प्रमाणे १६,८००, मुलांची ५ तिकिटे ९०० प्रमाणे ४,५०० आणि दादी व चाचा यांची ज्येष्ठांच्या दराने ८०० प्रमाणे १,६००. एकूण २२,९०० रुपये. पूर्वी सोळाजणांना २८,८०० लागले होते. उरलेल्या पैशांत गाडी आणि सर्वांचे जेवण झाले.

दादी या वेळीही बाकावरच बसली होती. पण आम्ही चारचारजणांची पाळी लावली होती, त्यामुळे तिच्याजवळ सतत कोणी ना कोणी होते. दुपारी धाकट्याची दोन्ही मुले तिच्या मांडीशी बसून पाळण्याची गोष्ट सांगत होती. या वेळी तिने कोणाचे नाव घेऊन ‘का आला नाही’ असे विचारले नाही.

वाचक बंधूंनी या लेखातून आमचे दर घेऊ नयेत, ते बदलत राहतात. पद्धत घ्यावी. आधी माणसे मोजावीत, मग त्यांचे रकाने करावेत, मग दिवस ठरवावा, प्रत्येक चुलीला झेपेल असा वाटा ठरवावा आणि सर्वांत शेवटी तिकीट घ्यावे. धंद्यात आपण गिऱ्हाईक पाहून माल भरतो. घरच्या माणसांच्या बाबतीतही तेवढे केले तर पैसा वाचतो आणि कोणी मागे राहत नाही.